बर्फाचं माप

दार उघडू नका, घटकाभर बंदच असू द्या. उघडलं की आतला दिवा लागतो, तुमचं लक्ष दुधाच्या पातेल्याकडे नि कालच्या भाजीकडे जातं, आणि मग माझं कोण ऐकणार? मी या घरातला फ्रिज. स्वयंपाकघरात शिरलं की उजव्या हाताच्या कोपऱ्यात उभा असतो तो. माझ्या डाव्या दारात एक खळगा आहे. तिथे ग्लास टेकवला की गार पाणी येतं, आणि वरचं बटण दाबून वाटी टेकवली की बर्फाचे तुकडे पडतात. या खळग्याचा मला एके काळी फार तोरा होता. आता कोणी त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

का होतं, तेच सांगायचंय. माझ्यात ठेवलेली वस्तू टिकते असं लोक म्हणतात. ही गोष्ट मी दोन वर्षं आत ठेवली, पण ती काही टिकत नाही. रोज थोडी थोडी आंबते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. आईबापांचं म्हणाल तर सतरा जणांनी मिळून मला घडवलं आणि त्यातल्या एकानंही मागे वळून पाहिलं नाही. कोणी दारं लावली, कोणी पाठीला नळ्या जोडल्या, कोणी पोटात बर्फाचा साचा बसवला. शेवटी एका बाईनं खळग्यात ग्लास टेकवला. पाणी आलं. तिनं मान डोलावली, पाठीवर शिक्का मारला आणि ते पाणी बादलीत ओतून दिलं. टेकवलं की द्यायचं, एवढंच शिक्षण मला मिळालं. कोण मागतंय, कशाला मागतंय, आज कितव्यांदा मागतंय, हे विचारायची सोय माझ्यात कोणी केली नाही. ही सबब नाही हं. म्हणजे, थोडी आहे.

पुढे दुकानात आलो. उतरवताना हमालाचा हात निसटला आणि माझ्या कुशीला चांगला परातीएवढा पोचा पडला. मग मला विकण्याऐवजी दाखवायला ठेवलं. दुकानातला विक्रेता दिवसभर ओरडायचा, "नुसता टेकवा साहेब, ग्लास नुसता टेकवा!" लोक टेकवायचे, खिदळायचे, फुकटचं गार पाणी प्यायचे आणि पंख्याची चौकशी करून निघून जायचे. वर्षभर मी असा येणाऱ्याजाणाऱ्याची तहान भागवत उभा होतो. मला वाटायचं, आपल्यासारखा दानशूर त्रिभुवनात नाही.

एके दिवशी लिफ्ट बसवण्याचं काम करणारा एक जण आला. त्यानं पोच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही बाजू भिंतीकडे करायची. कोणाला दिसतंय?" पोच्यामुळेच मी त्याच्या आवाक्यात आलो आणि या घरी राहायला आलो.

घरात माणसं चार. मला आणणारा हा घरचा मुलगा, महिन्यातले वीस दिवस परगावी, कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात. त्याची बायको घरीच कपडे शिवायची. तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या दाराशीच मांडलेलं. मी तिला सूनबाई म्हणतो. त्याची आई दुपारी बारा ते चार एका डॉक्टर जोडप्याची जुळी बाळं सांभाळायला जायची. आणि त्याचे वडील. सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणायला लागलो.

बाबा चाळीस वर्षं पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढ्या उंचीची चावी आत घालून फिरवायची, की एका वस्तीला पाणी सुटतं आणि दुसरीचं बंद होतं. मला नळजोडणी करायला प्लंबर आला तेव्हा बाबा त्याच्या डोक्यावर उभे.

"ही नळी आहे की बुटाची नाडी?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, फ्रिज आहे हा. टाकी नाही," प्लंबर ओट्याखालून म्हणाला.

"आजोबा कोणाला म्हणतोस? मी एका चावीत आठशे घरांचं पाणी सोडायचो."

"मग एक घर मला सोडू द्या की."

त्यावर बाबा असे हसले की प्लंबरच्या हातातला पाना खाली पडला. जोडणी झाल्यावर पहिला ग्लास त्यांनीच टेकवला. पाणी प्याले, जीभ टाळूला लावून चव घेतली आणि माझ्या दारावर थाप मारून म्हणाले, "तू नि मी एकाच खात्यातले रे." इतकं गोड मला तोवर कोणी बोललं नव्हतं.

चार वर्षं मजेत गेली. माणसांच्या तऱ्हा बघत मी उभा असायचो. भूक नसताना दार उघडून उभं राहायचं, काहीच घ्यायचं नाही आणि "काही नाहीच्चे यात" म्हणून दार आपटायचं, हा तर रोजचा कार्यक्रम. माझ्या पाण्याच्या गाळणीचा लाल दिवा दर सहा महिन्यांनी लागायचा. गाळणी बदला, असा त्याचा अर्थ. मुलगा बटण दाबून धरायचा, दिवा विझायचा, गाळणी तीच. दिवा विझला की काम झालं, अशी त्याची समजूत. मला हसू यायचं. दुसऱ्याच्या चुका बघून हसणं फार सोपं असतं.

मग बाबांचे पाय सुजायला लागले. चपला घालवेनात, मग जिना चढवेना. तपासण्या झाल्या आणि कळलं की दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार दवाखान्यात जायचं, चार तास मशीनवर पडून राहायचं, रक्त धुऊन घ्यायचं. मधल्या दिवसांत पोटात गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. ते अंगात साठतं, पायांत उतरतं आणि जास्त झालं तर छातीत चढतं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसभरात सगळं मिळून एक लिटर. चहा, दूध, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यात आलं.

ज्या माणसानं जन्मभर वस्त्यांना पाणी वाटलं, त्याला आता मोजून पाणी. पण आईंनी रडारड केली नाही. त्यांनी एक लिटरची बाटली घेतली आणि नेलपॉलिशनं तिच्यावर दहा लाल रेघा ओढल्या. रोज सकाळी बाटली काठोकाठ भरून ओट्यावर ठेवायची. बाबा चहा प्यायले की तेवढंच कपभर पाणी बाटलीतून काढून खिडकीतल्या कुंडीत ओतायचा. दूध प्यायले, ओत. औषध घेतलं, ओत. जे पोटात गेलं तेवढं बाटलीतून गेलंच पाहिजे. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचं पाणी संपलं. माप असं चोख की सोनाराला लाज वाटावी.

आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. "याच्या तोंडालाच कुलूप घालते," म्हणाल्या. माझ्या दारावर कुलपाचं चित्र असलेलं एक बटण आहे. ते तीन सेकंद दाबून धरलं की खळगा बंद. मग कोणी कितीही टेकवा, पाण्याचा थेंब नाही की बर्फाचा कण नाही. परत तीन सेकंद दाबलं की उघडतं. आईंनी ते दाबलं आणि मी एका क्षणात दानशूराचा चोर झालो. मला फार लागलं ते. आईंचं बरोबर होतं हे मला कळत होतं, पण कळणं वेगळं आणि लागणं वेगळं.

बाबांची तहान मी जवळून पाहिली. आई जुळ्यांकडे गेल्या की ते स्टूल घेऊन माझ्यासमोर येऊन बसायचे. ओठ पांढरे, जीभ टाळूला चिकटलेली. बोलताना शब्द सुटे व्हायचे नाहीत. माझ्या खळग्याकडे बघत बसायचे, जसं कोणी रस्त्याकडे बघतं. मशीनवर कपडा शिवता शिवता सूनबाईंचा पाय थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा थांबायचा.

एकदा दवाखान्यातून परतताना सूनबाई बाबांबरोबर होत्या. आल्या त्या म्हणाल्या, "बाबा, त्या नर्सबाई म्हणाल्या ना, फारच तहान लागली तर बर्फाचा एखादा तुकडा चघळा म्हणून?" नर्सनं पुढे आणखी काही सांगितलं होतं का, आणि सांगितलं असेल तर ते ऐकलं गेलं का, मला ठाऊक नाही. स्वयंपाकघरापर्यंत पोचलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाईंनी कुलपाचं बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन. वाटी टेकवली. मी चार तुकडे टाकले.

बाबांनी एक तोंडात घातला आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कसं सांगू? सूनबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बरं वाटतंय ना बाबा?"

"पोरी," ते म्हणाले, "हिला सांगू नकोस हं. ही बर्फाचंही माप काढील."

आणि सूनबाई हसल्या. मीही हसलो असेन. बर्फाचं कसलं माप? तो वाटीत ओतत नाही, घटाघटा पीत नाही, तोंडात ठेवला की आपोआप विरून जातो. बाटलीतून ओतायचं ते पाण्याच्या बदल्यात. बर्फाच्या बदल्यात ओतायचं कोणाच्या मनातही आलं नाही. चार तुकड्यांची वाटी झाली, एका वाटीच्या दोन, दोनाच्या तीन. चार वाजायच्या आत सूनबाई वाटी विसळून पालथी घालायच्या आणि कुलूप पुन्हा लावून ठेवायच्या. आई यायच्या, बाटलीवरच्या रेघा बघायच्या, माप बरोबर असायचं. आंधळं दळत होतं नि कुत्रं पीठ खात होतं.

आता माझ्या पापाकडे येतो. सूनबाईंना कळलं नाही, मान्य. पण मला? बर्फ मीच करतो. साच्यात पाणी किती जातं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तीन वाट्या म्हणजे बाटलीच्या सहा रेघा, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आणि तरी मी देत राहिलो. बोलता येत नाही म्हणून दिलं असं म्हणालो तर ते अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की मला ते आवडत होतं. कुलूप घातलेल्या तोंडाला रोज दुपारी कोणीतरी गुपचूप उघडत होतं, माझी वाट बघत होतं. मी आधी नीट बर्फ पाडायचो नाही, तुकडे एकमेकांना चिकटून बसायचे, ढोसल्याशिवाय निघायचे नाहीत. या दिवसांत एकदाही अडलो नाही. मोत्यांसारखे तुकडे टाकत होतो. लोकांना वाटतं यंत्राला हौस नसते.

दवाखान्यात मशीनवर घेण्याआधी दर वेळी वजन करतात. दोन वेळांच्या मध्ये दोन किलोच्या आत वाढ चालते. बाबांचं वजन साडेतीन किलो वाढायला लागलं. आई दवाखान्यातून आल्या त्या पिशवी ओट्यावर आपटत.

"सगळ्यांदेखत बोलली मला ती नर्स. म्हणे, घरी पाणी कोण देतं यांना? मी म्हटलं, बाई, माझं माप बघायला ये. कुंडीतलं रोप कुजायला आलं पाणी ओतून ओतून!"

सूनबाई मशीनशी मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिल्या. तो दोरा काही ओवला जाईना. पण त्या वजनाचा आपल्या वाटीशी काही संबंध असेल, हे तेव्हाही त्यांच्या ध्यानात आलं नाही, असं मी शपथेवर सांगतो. आपल्या हातून चांगलंच होतंय अशी एकदा खात्री पटली की माणूस बाकी सगळीकडे शोधतो.

आईंनीही सगळीकडे शोधलं. आधी स्वतःच्या मापावर संशय घेतला आणि बाटली नऊ रेघांपर्यंत भरायला लागल्या. मग आठ. बाबांची तहान वाढली आणि वाट्या तीनच्या चार झाल्या. वजन आणखी वाढलं. मग आईंचा संशय बाबांवर गेला.

"तुम्ही मोरीत जाऊन नळाचं पिता," त्या एका सकाळी म्हणाल्या.

"नाही गं."

"मग जातं कुठून पोटात? आकाशातून पडतं? उद्यापासून संडासाला गेलात की दार उघडं ठेवायचं. मी बाहेर उभी राहीन."

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. एकदा सूनबाईंच्या मशीनकडे. "बरं," म्हणाले, "ठेवीन उघडं." आणि त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून सत्तर वर्षांचा तो माणूस दार उघडं ठेवून आत जायला लागला आणि त्याची बायको पाठ करून बाहेर उभी राहायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. खरा चोर पाच पावलांवर गुरगुरत उभा होता.

तो रविवार होता. शुक्रवारनंतर सोमवारपर्यंत मशीन नसते, म्हणून रविवार सगळ्यात वाईट. जुळ्यांना रविवारची सुट्टी नसते, त्यामुळे आई कामावर गेलेल्या. बाबा स्टुलावर. दोन वाट्या झाल्या होत्या, तिसरी हातात होती. ते खोकले. मग परत खोकले. वाटी स्टुलाखाली ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढायला लागले. त्यांच्या छातीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. कोरड्या फरशीवर, कोरड्या स्टुलावर बसलेला माणूस माझ्यादेखत बुडत होता.

"बाबा! बाबा, काय होतंय?" सूनबाई धावल्या. फोनवरचे आकडे चुकत होते. शेजारचा रिक्षावाला आला, दोघांनी बाबांना उचलून नेलं. दार उघडंच राहिलं.

स्वयंपाकघरात मी आणि ती वाटी. वाटीतले तुकडे आधी कडेनं विरघळले, मग एकमेकांवर कलले, मग तरंगायला लागले. तासाभरानं वाटीत फक्त पाणी होतं. मी ते बघत उभा होतो. तोंड फिरवायची सोय माझ्यात नाही.

संध्याकाळी दोघी कपडे न्यायला घरी आल्या. बाबांना नळ्या लावल्या होत्या, श्वास परत आला होता, पण अजून काही सांगता येत नाही, असं त्यांच्या बोलण्यावरून कळलं. आईंचा पाय वाटीला लागला आणि पाणी फरशीवर हिंदकळलं.

"ही वाटी कसली इथे?"

सूनबाई खाली बसल्या, वाटी उचलली. बघत राहिल्या तिच्याकडे. मला दिसलं, त्या क्षणी त्यांना कळलं. त्यांनी ओट्यावरची बाटली घेतली, तिच्यात उरलेलं कुंडीत रिकामं केलं आणि वाटीतलं पाणी तिच्यात ओतलं. थोडं सांडूनही पाणी खालून दुसऱ्या लाल रेघेच्या जवळ आलं.

"बर्फ होता आई," त्या म्हणाल्या. "मी देत होते. दुपारी. ही आजची तिसरी."

"रोज?"

"रोज. सव्वा महिना झाला."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. आईंनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली, अंगठ्यानं रेघ पुसल्यासारखी केली. मग त्या स्टुलावर बसल्या.

"आणि मी त्यांना दार उघडं ठेवायला लावलं गं," एवढंच त्या म्हणाल्या.

बाबा नऊ दिवसांनी घरी आले. अर्धे झाले होते. आल्या आल्या म्हणाले, मला स्वयंपाकघरात बसवा. सूनबाई मशीनवर बसल्या होत्या, पण सुईत दोरा नव्हता.

"ए पोरी, इकडे बघ. चाळीस वर्षं पाणी मोजलं मी. बर्फ म्हणजे पाणीच, हे मला कळत नव्हतं असं वाटतं तुला?"

सूनबाईंनी वर पाहिलं. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दिला असतास का? फसवलं मी तुला. तुझ्या मायेचा फायदा घेतला. तहान फार वाईट असते बाई."

"आणि मी संशय घेतला तेव्हा तरी?" आईंचा आवाज चिरका झाला होता. "तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं!"

"अगं, वरची आळी म्हणायची मी खालच्यांना जास्त सोडतो, खालची म्हणायची वरच्यांना. जन्मभर संशय पचवला मी. तुझा काय जड जाणार होता?" बाबा हसले, मग हसू अर्धवट राहिलं. "गेला थोडा जड."

त्यावर आई जे रडल्या ते रडल्या. त्या घरात ज्यानं त्यानं दोष आपल्या पदरात ओढून घेतला. मुलगा परगावाहून धावत आला तो म्हणाला, मीच आणला हा फ्रिज, नसता आणला तर बरं होतं. मला मात्र कोणी काही बोललं नाही. एखादी लाथ घातली असती तरी बरं वाटलं असतं.

त्यांनी फक्त पाठीमागची तोटी बंद केली. बर्फाचा डबा रिकामा करून पुसून ठेवला. सूनबाईंनी माझं डावं दार सोडलंच. दूध घ्यायला यायच्या ते उजव्या दारातून, आणि खळग्याकडे बघायच्या नाहीत. बाबा त्यानंतर चौदा महिने जगले, बाटलीच्या मापानं, आणि वजन कधी दोन किलोच्या वर गेलं नाही.

मग शरीरच थकलं. मशीन सोसवेना. एका दुपारी डॉक्टर घरी आले, तपासलं आणि बाहेर येऊन आईंना म्हणाले, "आता माप ठेवू नका. मागतील ते द्या." आईंनी सगळी बाटली उचलून आत नेली. चमच्यानं पाणी दिलं. बाबांनी दोन चमचे घेतले. मग आतून त्यांचा आवाज आला, बारीक, पण मला स्पष्ट ऐकू आला.

"पोरीला बोलवा. पोरी, बर्फ दे."

सगळ्यांसमोर मागितला त्यांनी. तिच्याकडेच मागितला.

सूनबाई धावत आल्या. मला भिंतीपासून ओढलं, तोटी उघडली, बटणं दाबली. चौदा महिने कोरडी पडलेली नळी खोकली, शिंकली, मग साच्यात पाणी आलं. शेजारून बर्फ आणावा तर ते घर कुलूपबंद होतं. मुलगा गाडी काढून बाजाराकडे गेला. सूनबाई वाटी खळग्याला टेकवून उभ्या राहिल्या.

पण पाण्याचा बर्फ व्हायला दोन तास लागतात. मी जिवाचं रान केलं. पाठ तापली, अंग थरथरलं, जेवढा गारवा होता तेवढा साच्याकडे लोटला. दोन तासांचे दोन तासच. ते काही कमी झाले नाहीत. चाळीस मिनिटांनी आतल्या खोलीतून कोणी हाक मारली नाही, फक्त सगळे आवाज थांबले, आणि सूनबाईंना कळलं. मुलगा बर्फाची पिशवी घेऊन दारात आला तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही. पिशवी त्यानं अंगणातच ठेवली.

सूनबाई हलल्या नाहीत. वाटी तशीच धरून उभ्या होत्या. पुष्कळ वेळानं माझ्या साच्यातून पहिला बर्फ सुटला आणि रिकाम्या डब्यात धडाधडा पडला. मयताच्या घरात एवढा आवाज. लाजेनं मला दार फोडून घ्यावंसं वाटलं.

आई बाहेर आल्या. सूनबाईंच्या हातातली वाटी त्यांनी काढून घेतली, स्वतः खळग्याला टेकवली. मी दिला. बंद ठेवलेलं यंत्र सुरू केल्यावर पहिला बर्फ टाकून द्यायचा असतो, असं माझ्या पुस्तिकेत लिहिलंय. त्यांनी तो टाकला नाही. एक तुकडा उचलला आणि सूनबाईंच्या तोंडाशी धरला.

"घे. सकाळपासून घोटभर पाणी नाही तुझ्या पोटात."

"नको आई. माझ्यानं नाही..."

"माझ्याकडे नाही मागितला त्यांनी. तुझ्याकडे मागितला. का ते कळलं ना तुला? मग घे."

सूनबाईंनी तोंड उघडलं. तुकडा तोंडात घेऊन त्या जी रडल्या, तशी रडणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. आईंनी दुसरा तुकडा स्वतःच्या तोंडात घातला आणि दोघी माझ्या दाराला टेकून खाली बसल्या.

त्यांचं एकमेकींत मिटलं. आता सूनबाई पाहुण्यांना माझ्यातलंच पाणी देतात, बर्फही घालतात. मी अजून या कोपऱ्यात आहे, थोडा जास्त गुरगुरतो, गाळणी अजून तीच. पण द्यायचं नव्हतं तेव्हा वाट्या भरभरून दिलं आणि द्यायला हवं होतं तेव्हा उशीर केला, हे मला कोणाला सांगून मिटवता येत नाही. ज्यांना सांगायला हवं ते गेले.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात कोणाला पाणी मोजून मिळत असेल, तर एकदा वाटीभर बर्फ ओट्यावर ठेवा, वितळू द्या आणि मापात ओतून बघा. बघितल्याशिवाय कोणावर संशय घेऊ नका. आणि डॉक्टर माप सोडा म्हणतील तो दिवस कधी ना कधी येईल, त्या दिवसासाठी माझ्यासारख्याच्या पोटात चार तुकडे तयार राहू द्या. मागणाऱ्याला दोन तास थांबा म्हणायची वेळ तुमच्यावर येऊ नये.